पदवी मिळाली, वाचक गेले

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंगचं एक दुकान आहे. खिडक्यांच्या जाळ्या, गेटं, पाण्याच्या टाकीचे स्टँड अशी कामं तिथं चालतात. दुकानाचे मालक माझे लांबचे नातेवाईक. वयानं माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणून मला भाई म्हणतात. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ते घरी आले. चहा घेतला, पावसाबद्दल बोलले, सिमेंटच्या भावाबद्दल बोलले आणि उठता उठता म्हणाले, "भाई, तुम जरा उसको समझाव. बी.ए. हुई, अब लिखते बैठती."

ती म्हणजे त्यांची थोरली मुलगी. इतिहास घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झालेली, घरातली पहिली पदवीधर. तिनं स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरावा, ते नसेल तर बी.एड. करावं, तेही नसेल तर आलेल्या स्थळांपैकी एखाद्याला होकार द्यावा, असं घरच्यांचं म्हणणं. त्यात वावगं काही नाही. मुलगी मात्र रोज रात्री जेवणं उरकली की दुकानातल्या कोटेशनच्या पॅडचे पाठकोरे कागद घेते आणि एक पान लिहिते. पदवी हातात पडल्यापासून एक दिवसही तिनं चुकवला नव्हता. तिला लेखक व्हायचं आहे.

तिला समजवायला मलाच का सांगितलं, हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. मी तीसेक वर्षं कविता लिहितो आहे. लिहून माणसाचं काय होतं याचा जिवंत पुरावा गल्लीत दुसरा कुठं मिळणार?

तिला काय सांगावं याचा विचार करत बसलो आणि मला माझा 'ना देय दाखला' आठवला. ज्यांनी महाविद्यालय सोडलं आहे त्यांना तो ठाऊक असेल. शेवटच्या वर्षाचा निकाल लागतो, आपण दाखला मागायला जातो, तेव्हा कारकून विचारतो, ग्रंथालयाचं काही देणं आहे का? मग ग्रंथालयात जायचं, राहिलेली पुस्तकं जमा करायची, कार्ड परत करायचं आणि शिक्का घेऊन यायचा. मी १९९० साली तो शिक्का घेतला. घरी येताना हातात पदवी होती, पण सकाळपर्यंत ज्या चाळीस कपाटांवर आपला हक्क होता तो गेला होता. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. वाटलं ते दोन-तीन महिन्यांनी.

महाविद्यालयात लिहिणाऱ्या मुलाला एक गोष्ट आयती मिळते आणि ती आयती असल्यामुळे त्याला ती दिसत नाही. ती म्हणजे वाचक. जिन्याजवळ काचेच्या पेटीत भित्तिपत्रक असतं. त्यात चार ओळींची कविता लागली तरी येता-जाता शंभर मुलं ती वाचतात, निदान थट्टा करायला वाचतात. वार्षिक अंक असतो. स्नेहसंमेलन असतं. मराठीचे सर असतात, ते कवितेखाली तांबड्या शाईनं 'यमकासाठी अर्थ मोडू नका' असं लिहितात. पदवी मिळाली की हे सगळं एका दिवसात बंद होतं. लिहिणारा तोच असतो, वहीही तीच असते. ती वही कुणी मागत नाही एवढंच. घरचे विचारतात, नोकरीचं काय? शेजारी विचारतात, आता पुढं काय? 'नवं काय लिहिलंस?' असं विचारणारं माणूस गावात उरत नाही. पुष्कळ मुलांचं लेखन या पहिल्या वर्ष-दोन वर्षांत थांबतं. त्यांच्यात गुण नव्हते असं आपण नंतर सहज म्हणून टाकतो. माझा अनुभव असा, की गुण होते, पण ऐकणारं कुणी नव्हतं.

आता एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगतो. ती सर्वांना माहीत आहे असं आपण समजतो, पण तिचा मधला भाग आपण वगळतो. विष्णु वामन शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज. जन्म १९१२ सालचा. ज्यांचा वाढदिवस आपण २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो, ते. त्यांचा 'विशाखा' हा संग्रह १९४२ साली आला हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण शिरवाडकर बी.ए. झाले १९३४ साली, नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयातून. मधली आठ वर्षं हा पदवीधर काय करत होता?

पदवीच्या आधीच, विद्यार्थी असताना, त्यांच्या कविता 'रत्नाकर' मासिकात येऊ लागल्या होत्या. १९३३ साली 'जीवनलहरी' हा छोटा संग्रह निघाला. म्हणजे पहिलं पुस्तक हातात घेऊनच ते पदवीधर झाले. एवढ्यावर पुढचा रस्ता सरळ व्हायला हवा होता. तसं झालं नाही. १९३६ साली ते गोदावरी सिनेटोन या चित्रपट कंपनीत गेले. 'सती सुलोचना' या बोलपटाची कथा-पटकथा लिहिली, इतकंच नाही, तर त्यात लक्ष्मणाचं कामही केलं. बोलपट चालला नाही. मग वर्तमानपत्रं आणि साप्ताहिकं. 'प्रभा', 'प्रभात', 'सारथी', 'धनुर्धारी', 'नवयुग' अशी ही नावं एकामागून एक येतात. आज ती यादी चरित्रात एका ओळीत बसते. ज्यानं ती जगली त्याला त्यातल्या प्रत्येक नावाबरोबर नवी खोली, नवी खानावळ आणि नवा मालक भेटला असणार.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक लहानशी गोष्ट. १९३३ साली, म्हणजे पदवीच्या आदल्याच वर्षी, शिरवाडकरांनी नाशिकला 'ध्रुव मंडळ' काढलं. गावातल्या समवयस्कांचं मंडळ. त्याच सुमारास ते 'नवा मनू' या पत्रात लिहूही लागले. म्हणजे महाविद्यालयाचं भित्तिपत्रक हातून सुटायच्या आत त्यांनी आपली दुसरी भिंत शोधून ठेवली होती. आणि १९४२ साली 'विशाखा' निघाला तो कसा? वि. स. खांडेकरांनी तो स्वतःच्या पैशानं प्रसिद्ध केला आणि त्याला प्रस्तावना लिहिली. एका ज्येष्ठ लेखकानं एका तरुणाच्या कविता वाचल्या आणि खिशात हात घातला. आम्ही ज्येष्ठ मंडळी तरुणांना उपदेश करतो तेव्हा ही खिशाची गोष्ट सांगायला विसरतो.

याच्या उलट उदाहरणही आहे आणि ते तरुणांना फार आवडतं. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली तेव्हा ते पंचविशीत होते. पुण्या-मुंबईला शिकून सांगवी या आपल्या खानदेशातल्या गावी परतले आणि फार थोड्या दिवसांत त्यांनी ती कादंबरी लिहून काढली. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं ती छापली. हे खरंच आहे. पण ज्याला 'कोसला' लिहायची आहे असा प्रत्येक मुलगा एवढंच लक्षात ठेवतो आणि नेमाडे त्यानंतर वर्षानुवर्षं महाविद्यालयांतून, विद्यापीठांतून इंग्रजी शिकवत राहिले हे सोयीस्करपणे विसरतो.

पोटापाण्याचा प्रश्न इथं येतोच. मुलीच्या वडिलांचा मुद्दाही तोच होता आणि तो मला खोडता येत नव्हता. मराठीत केवळ लिहून घर चालवणारे फार थोडे. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आलं ते या राबण्याच्या मधूनच. दया पवार रेल्वेत नोकरीला होते. अरुण कोलटकरांनी जाहिरातींची कामं केली आणि त्यांचा पहिला मराठी संग्रह आला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. बा. सी. मर्ढेकर आय.सी.एस. होण्यासाठी विलायतेला गेले, ते जमलं नाही, परत आले, प्राध्यापकी केली आणि १९३८ साली रेडिओत नोकरीला लागले. व्यंकटेश माडगूळकरांनीही पुणे आकाशवाणीवर खेडुतांसाठीचे कार्यक्रम वर्षानुवर्षं केले.

माझी नोकरी साखर कारखान्यातली. पदवीनंतर चौदा महिने मी घरी बसून होतो. अब्बांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढता काढता ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "लडका बी.ए. हुआ," आणि मी आत बसून ऐकायचो. मग कारखान्यात वजनकाट्यावर हंगामी कारकून म्हणून लागलो. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळा लागता लागता संपतो. रात्रपाळीला उसाच्या बैलगाड्या ओळीनं उभ्या असत. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, वजन लिहायचं. ऊस खाली करून गाडी परत आली की रिकामं वजन लिहायचं. वजाबाकी करून पावती फाडायची. दोन गाड्यांच्या मधे पाच-सात मिनिटं मिळत. माझ्या पहिल्या संग्रहातल्या बहुतेक कविता वाया गेलेल्या पावत्यांच्या मागं लिहिलेल्या आहेत. त्या सगळ्या आखूड का आहेत, असं एका समीक्षकानं विचारलं होतं. त्यांनी शैलीची काही थोर कारणं शोधून काढली. खरं कारण बैलगाड्यांचं होतं.

आणि भित्तिपत्रकाच्या जागी मला काय मिळालं? मला रेडिओ मिळाला. आकाशवाणीवर 'युववाणी' नावाचा कार्यक्रम असे. दिल्लीला तो १९६९ साली सुरू झाला आणि पुढं ठिकठिकाणच्या केंद्रांवर गेला. पंधरा ते तीस वयाच्या मुलांनी लिहायचं आणि त्यांनीच वाचायचं. जवळच्या केंद्राला मी पोस्टकार्ड टाकलं. काही दिवसांनी तपकिरी लिफाफा आला, त्यात कराराचा कागद. पाच मिनिटांची वेळ. गल्लीत तो कागद चार घरं फिरून आला.

त्या पाच मिनिटांनी मला जे शिकवलं ते बी.ए.च्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो. पाच मिनिटांत साडेपाचशे-सहाशे शब्द बसतात. मी पंधराशे लिहून नेले होते. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी बाहेरच्या बाकावर बसवलं आणि म्हणाले, यातले नऊशे काढा. मी म्हटलं, कुठले काढू? ते म्हणाले, मोठ्यानं वाचा, जिथं दम लागेल तिथं वाक्य मोडा आणि जिथं तुम्हालाच लाज वाटेल ते खोडा. कागदांना टाचणी लावायची नाही, पान उलटायचं नाही, वाचून झालेलं पान आवाज न करता बाजूला सरकवायचं. जड शब्द कागदावर भारदस्त दिसतो, पण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तोच शब्द जिभेला अडखळवतो. त्या दिवशी माझे 'अंतर्मनाचे कवडसे' वगैरे सगळे बाकावरच राहिले. ते न्यायला मी परत कधी गेलो नाही.

प्रसारण झालं त्या रात्री दुकानात रेडिओ लावला होता. आमच्या घरात बोली दख्खनी आणि माझी वही मराठी. अब्बांना माझं मराठी सगळं कळलं की नाही कुणास ठाऊक. एक गिऱ्हाईक मात्र मनापासून म्हणालं, "तुमच्या पोराचं मराठी किती छान आहे हो!" हे वाक्य मी आजही ऐकतो. शेख महंमदांच्या 'योगसंग्रामा'ला साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी लोकांना अजून नवल वाटतं. मी आता रागावत नाही. आभार मानतो आणि 'तुमचंही छान आहे' म्हणतो.

एवढं सगळं होऊनही मी चुकलो, आणि ती चूक सांगायला हवी, कारण आजचे तरुणही नेमकी तीच करतात. मला पुस्तकाची घाई झाली. मासिकांकडे कविता पाठवायच्या तर सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं तिकिटाचं पाकीट जोडावं लागे. ते पाकीट 'साभार परत' होऊन आलं की आपलंच अक्षर आपल्याला नको असल्यासारखं दिसे. त्याला मी कंटाळलो होतो. एका प्रकाशकानं पत्र पाठवलं, आपल्या कवितेत नव्या युगाची चाहूल आहे, पाचशे प्रती काढू, खर्चाचा वाटा तेवढा आपण उचलावा. मी पतपेढीचं कर्ज काढलं. १९९७ साली पुस्तक आलं. वाटा सगळाच माझा निघाला आणि पाचशेपैकी साडेचारशे प्रती टेम्पोनं माझ्याच दारात आल्या. अम्मीनं गठ्ठे पलंगाखाली सरकवले. दोन पावसाळ्यांनी तिथं वाळवी लागली. कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला तेव्हा पलंगाखाली फार काही उरलं नव्हतं. मी लिहिणं थांबवलं. सहा वर्षं एक ओळ लिहिली नाही. काट्यावर पावत्या फाडल्या, लग्न झालं, मुलं झाली, आणि खरं सांगायचं तर फारसं बिघडलंही नाही. लिहिलं नाही तर माणूस मरत नाही. रात्री झोप मात्र लागली की खोल लागायची नाही, एवढंच.

२००३ साली एक पोस्टकार्ड आलं. अनोळखी अक्षर. लिहिणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांच्या गावच्या वाचनालयात माझा संग्रह होता. तो तिथं कसा पोचला हे मला आजही कोडं आहे. त्यांनी स्तुती केली नव्हती. लिहिलं होतं, 'पृष्ठ ३१ वरील कवितेत चैत्रात विहीर भरलेली आहे. आपण बार्शीकडचे. आपल्या भागात चैत्रात विहिरीला पाणी असते काय? खुलासा व्हावा.'

मी ते कार्ड तीनदा वाचलं. नसतं हो पाणी. चैत्रात आमच्याकडे विहिरीच्या तळाशी घागर खरडते. मी ती विहीर दुसऱ्यांच्या कवितांमधून उचलली होती आणि तिच्यात पाणीही त्यांचंच होतं. सहा वर्षांपूर्वी ते पुस्तक अभिप्रायासाठी वीस लोकांना पाठवलं होतं, त्यातल्या कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. त्या रात्री मी गुरुजींना उत्तर लिहिलं आणि ती कविता कोरडी विहीर घालून पुन्हा लिहिली. पुढं ते असेपर्यंत मी प्रत्येक कविता आधी त्यांना पाठवत गेलो. त्यांची कार्डं माझ्याकडे आहेत. दोन-तीन कार्डांवर 'बरी आहे' असा शेरा आहे, बाकी सगळे खुलासे मागितलेले.

तर, मुलीला बोलावलं. ती आली, हातात पाठकोऱ्या कागदांची चळत. म्हणाली, "चाचा, अब्बांनी तुम्हाला सांगितलंय ना?" मी हो म्हटलं. मग तिला आधी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात नेलं आणि वर्गणी भरून सभासद केलं. आपल्याकडे १९६७ सालच्या कायद्यानं सार्वजनिक ग्रंथालयांना शासनाचं अनुदान मिळतं. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग असतात. आमचं 'ब' वर्गातलं आहे. पंखा हळू फिरतो, पण कपाटं उघडी असतात. पुस्तकाच्या घाईबद्दल सांगितलं. पलंगाखालची गोष्ट सगळी सांगितली. पैसे मागणाऱ्या पत्राला उत्तर देऊ नकोस म्हटलं. पुढं खरंच पुस्तकाएवढं लेखन साचलं तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची योजना आहे, तिकडं हस्तलिखित पाठव. दिवाळी अंकांना पाठवायचं तर पावसाळ्यातच पाठव. दिवाळीच्या तोंडावर पाठवलेलं पुढच्या वर्षीही कुणी बघत नाही.

नोकरीबद्दल मी तिच्या वडिलांच्याच बाजूनं बोललो. ती हिरमुसली. परीक्षेचा फॉर्म भर म्हटलं, पण रोजचं पान सोडू नकोस. अभ्यासिकेत सोबत बसणाऱ्या चार मुली आहेत तर आठवड्यातून एकदा त्यांना एक पान वाचून दाखव. त्यांनी 'छान' म्हटलं तर पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला वाचून दाखव.

मग तिनं मलाच एक पान वाचून दाखवलं. वडिलांच्या दुकानावरचं होतं. वेल्डिंगच्या ठिणग्या दिवाळीतल्या फुलबाज्यांसारख्या उडतात, असं काहीसं. मी विचारलं, "अब्बा त्या ठिणग्यांना काय म्हणतात?" ती विचारात पडली. म्हणाली, "ते काहीच म्हणत नाहीत. रात्री त्यांचे डोळे जळतात. अम्मी बटाट्याचे काप करून डोळ्यांवर ठेवते आणि ते तसेच पडून रेडिओ ऐकतात."

"मग हे कुठं आहे पानात?"

पुढच्या गुरुवारी ती नवं पान घेऊन आली. फुलबाज्या गेल्या होत्या, बटाटा आला होता. पण 'काप' हा शब्द खोडून वर बारीक अक्षरात 'कीस' असं लिहिलेलं होतं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, आदल्या रात्री वडील डोळे मिटून पडले होते तेव्हा तिनं त्यांना पान वाचून दाखवलं. ते सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "काप नहीं रखते. किसके रखते."

परीक्षेचा फॉर्म तिनं भरला आहे. कोटेशनचं एक नवं पॅड वडिलांनी छापून आणलं, तेव्हा त्यातले दहा-बारा कागद आपणहून बाजूला काढून ठेवले, असं ती सांगत होती.